कंट्रोल व्हॉल्व्ह: खोलायचा कधी, कसा आणि मुळात खोलायचाच का

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांची रांग आहे. मार्च-एप्रिलमध्ये गळीत थांबतं, तोडकरी आपापल्या गावी परततात आणि कारखान्यात दुसरा हंगाम सुरू होतो, खोलाखोलीचा. मिल, टर्बाइन, पंप यांच्या जोडीला कंट्रोल व्हॉल्व्हची यादी निघते. बऱ्याच ठिकाणी ही यादी एका ओळीची असते: सगळे खोला, साफ करा, ग्लँड भरा, परत बसवा. मला ही पद्धत पटत नाही. व्हॉल्व्हची यादी फेब्रुवारीत, कारखाना धडधडत असतानाच करायची असते. मेमध्ये व्हॉल्व्ह थंड पडलेला असतो, त्यातून काही वाहत नसतं. त्याचं दुखणं काय ते त्याला तेव्हा विचारून उपयोग नाही. चांगला चाललेला व्हॉल्व्ह उगाच खोलला तर नवं गॅस्केट जातं, नवं पॅकिंग जातं, आणि जुळलेली सीट बिघडायची शक्यता पदरात पडते.

आयटीआय करून नुकत्याच लागलेल्या मुलांसाठी आणि ज्यांना व्हॉल्व्ह म्हणजे फक्त पॅनेलवरचा एक टक्क्यांचा आकडा वाटतो त्या ऑपरेटरांसाठी हे लिहितो आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. घरातल्या नळाची चावी फिरवली की आतली वॉशर वर-खाली होते आणि पाण्याची वाट मोठी किंवा लहान होते. कंट्रोल व्हॉल्व्हचं काम तेच, फक्त चावी फिरवणारा हात हवेच्या दाबाचा असतो आणि किती फिरवायची ते कंट्रोलर ठरवतो. खालची ओतीव बॉडी पाइपलाइनमध्ये बसते. तिच्या आत एक कडी असते, ती सीट. सीटवर येऊन टेकतो तो प्लग. कित्येक व्हॉल्व्हमध्ये प्लगभोवती खिडक्या कापलेली एक नळी असते, तिला केज म्हणतात. प्लगला जोडलेला गुळगुळीत दांडा म्हणजे स्टेम. बॉडीवरचं झाकण म्हणजे बॉनेट. त्यातून स्टेम बाहेर येतो तिथे गळती होऊ नये म्हणून भोवती पॅकिंगच्या कड्या भरतात आणि त्या ग्लँडने दाबून ठेवतात. बॉनेटच्या वर योक, आणि योकच्या डोक्यावर गोल डबा. डब्यात रबरी डायफ्राम आणि तगडी स्प्रिंग. हा डबा म्हणजे अ‍ॅक्च्युएटर.

कंट्रोल रूममधून ४ ते २० मिलीअँपियरचा सिग्नल येतो. व्हॉल्व्हवर बसवलेला पोझिशनर तो वाचतो, स्टेम प्रत्यक्षात कुठे आहे ते पाहतो आणि हवा वाढवतो किंवा सोडतो. १२ मिलीअँपियर आले तर स्टेम बरोबर मध्यावर यायला हवा. जुन्या मांडणीत डायफ्रामवर ३ ते १५ पीएसआय हवा जाते, म्हणजे ढोबळमानाने ०.२ ते १ किलो. (आमच्याकडे नुसतं ‘किलो’ म्हटलं की एका चौरस सेंटिमीटरवरचा दाब समजायचा.)

आता एक छोटं गणित. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी या लेखाचं काम झालं असं मी समजेन. डायफ्रामचं कामी येणारं क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर धरा. त्यावर १ किलोचा दाब दिला की ६०० किलोचा जोर तयार होतो. एवढ्याशा हवेत सहा क्विंटल! आणि व्हॉल्व्ह ०.२ किलोला हलायला लागतो, म्हणजे हवा पूर्ण बंद असतानाही आत स्प्रिंग १२० किलोच्या जोराने दाबून बसवलेली आहे. हवेची नळी काढली, गेज शून्यावर आलं, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर निवांत झाला असं अनेकांना वाटतं. डब्याचे बोल्ट त्या १२० किलोंना धरून उभे असतात. बनावटीनुसार हा आकडा याच्या कितीतरी पट असू शकतो.

हवा गेली तर व्हॉल्व्ह कुठे जातो?

स्प्रिंग मुळात ठेवलेली असते ती हवा गेल्यावर व्हॉल्व्ह सुरक्षित बाजूला न्यायला. सुरक्षित बाजू कुठली ते जागेवर ठरतं. बॉयलरच्या फीड वॉटर व्हॉल्व्हची हवा गेली आणि तो बंद झाला तर ड्रममधलं पाणी संपायला फार वेळ लागत नाही. म्हणून तो बहुधा उघडा राहील किंवा आहे तिथेच थांबेल असा निवडतात. उलट पीआरडीएसचा, म्हणजे स्टीमचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेचा, स्टीम व्हॉल्व्ह पाहा. को-जनरेशनच्या (साखरेसोबत वीजही बनवणाऱ्या) बॉयलरची ६७ किंवा ८७ किलोची स्टीम उतरवून तो दीड किलोच्या आसपासच्या एक्झॉस्ट लाइनमध्ये सोडतो. हवा गेल्यावर तो उघडा राहिला तर खालची सगळी लाइन सेफ्टी व्हॉल्व्हच्या भरवशावर. तो बंदच व्हायला हवा.

म्हणजे हवेने उघडणारा आणि स्प्रिंगने मिटणारा एक प्रकार, हवेने मिटणारा आणि स्प्रिंगने उघडणारा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात. पान्हा लावण्याआधी नेमप्लेट आणि ड्रॉइंग वाचून आपल्यासमोर कुठला आहे ते पक्कं करायचं. पुढची प्रत्येक पायरी त्यावर ठरते.

फेब्रुवारीतली तपासणी

‘साहेब, व्हॉल्व्ह गेला’ हे वाक्य हंगामात रोज ऐकू येतं. त्यातले बरेच व्हॉल्व्ह गेलेले नसतात. फिल्टर रेग्युलेटरमध्ये पाणी साचलेलं असतं, नळीच्या फिटिंगला गळ असतो, पोझिशनरचा फीडबॅक लिव्हर सैल झालेला असतो, किंवा कंट्रोलरचं ट्यूनिंग (तो किती झटकन आणि किती जोराने प्रतिसाद देतो ते) कुणीतरी रात्रपाळीत बदललेलं असतं. यातल्या कशासाठीही बॉनेट काढावं लागत नाही.

सगळ्यात सोपी परीक्षा अशी. पॅनेल ऑपरेटरशी बोलून लूप, म्हणजे मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी, मॅन्युअलवर घ्यायचा. ग्राफ झोके खात होता आणि मॅन्युअलवर घेताच शांत झाला, तर दोष ट्यूनिंगचा किंवा व्हॉल्व्हचा. तरीही झोके चालूच राहिले, तर कारण वरच्या बाजूला कुठेतरी आहे. व्हॉल्व्हच्या नावाने बोटं मोडू नका. मग प्रोसेस सोसेल तेवढ्यातच सिग्नल एकेक टक्क्याने वाढवायचा आणि एका माणसाने स्टेमकडे डोळे लावून उभं राहायचं. एक टक्का दिला, हलला नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याला एकदम तीन टक्के उडी मारली. हा चिकटणारा व्हॉल्व्ह. ऑटोवर त्याची खूण ग्राफमध्येही दिसते, विशेषतः फ्लोच्या लूपमध्ये: कंट्रोलरचा आउटपुट करवतीच्या दात्यांसारखा सावकाश चढतो-उतरतो आणि फ्लो मात्र पायऱ्या-पायऱ्यांनी उडतो. कंट्रोलर ढकलत राहतो, स्टेम अडून बसतो, आणि सुटतो तेव्हा गरजेपेक्षा पुढे जातो.

चिकटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण ग्लँड अति आवळणं, त्याबद्दल पुढे. बाकी कारणांत स्टेम वाकणं, केजमध्ये घाण अडकणं, आणि आपल्याकडे रसाच्या लाइनवर साखर जळून थर बसणं. शेवटच्यावर उपाय स्वस्त आहे: लाइन थांबवताना गरम पाणी सोडून व्हॉल्व्ह धुऊन घ्यायचा. साखर गरम पाण्यात विरघळते. ती वाळून, जळून दगड होईपर्यंत थांबलं की मग छिन्नी लागते. चुन्याच्या द्रावणाचा व्हॉल्व्ह मात्र असा ऐकत नाही. चुन्याचे कण सीट घासतात आणि थरही धरतात. यादीत त्याचं नाव न तपासता घातलं तरी चालेल.

दुसरी परीक्षा बंद होण्याची. सिग्नल शून्यावर नेला, स्टेम तळाला गेला, तरी पुढच्या बाजूला फ्लो किंवा तापमान दिसतंच आहे, किंवा व्हॉल्व्हमधून बारीक शिट्टी येते आहे. यातही आधी कॅलिब्रेशन बघावं. कित्येकदा पोझिशनरचा झिरो सरकलेला असतो आणि प्लग सीटवर पोहोचलेलाच नसतो. शिवाय प्रत्येक कंट्रोल व्हॉल्व्ह ठार बंद व्हावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. गळतीचे वर्ग ठरलेले असतात. वर्ग २ मध्ये व्हॉल्व्हच्या पूर्ण क्षमतेच्या ०.५ टक्का, वर्ग ३ मध्ये ०.१ टक्का आणि वर्ग ४ मध्ये ०.०१ टक्का गळती चालते. जुना दोन सीटांचा व्हॉल्व्ह वर्ग २ चा असेल तर तो थोडा गळणारच, आणि त्याची सीट घासत बसणं म्हणजे त्याच्याकडून त्याच्या कुवतीबाहेरचं मागणं. पूर्ण बंद पाहिजे असेल तिथे आयसोलेशन व्हॉल्व्ह असतो.

या दोन परीक्षांचे निकाल, जागेचा टॅग नंबर आणि तारीख वहीत लिहून ठेवली की मेमधली यादी आपोआप तयार होते, आणि बहुतेक वेळा ती ‘सगळे खोला’च्या यादीपेक्षा निम्मी निघते.

लाइनवरून सोडवताना

परमिट, कुलूप, फलक हे सगळं आहेच. पण कागद पूर्ण झाला म्हणजे पाइप रिकामा झाला असं होत नाही. पुढचा-मागचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद, बायपास बंद, मधला ड्रेन उघडा आणि त्यातून काही येत नाही हे डोळ्यांनी पाहिलेलं. ड्रेन उघडल्यावर काहीच आलं नाही तर समाधान मानू नका, तो चोंदलेला असू शकतो. स्टीम लाइनमध्ये गरम कंडेन्सेट साचून राहतं, इव्हॅपोरेटरच्या बाजूला सफाईचा कॉस्टिक सोडा राहिलेला असू शकतो. डोळ्यांना गॉगल आणि हातात योग्य ग्लोव्हज नसतील तर फ्लँजचा बोल्ट सैल करू नये. केजवाल्या व्हॉल्व्हमध्ये प्लगच्या वर-खाली दाब कोंडून राहू शकतो, म्हणून व्हॉल्व्ह एकदा थोडा उघडून तो दाब ड्रेनमधून सोडून द्यायचा.

स्मार्ट पोझिशनर असेल तर त्याचा सिग्नल आणि हवा दोन्ही तोडल्याशिवाय योकमध्ये बोटं घालायची नाहीत. कंट्रोल रूममधून कुणी ऑटो-कॅलिब्रेशनची आज्ञा दिली तर तो पूर्ण स्ट्रोक करतो, आणि मघाचे सहा क्विंटल तुम्ही विसरलेला नाहीत.

मोठा व्हॉल्व्ह उतरवताना चेन ब्लॉक कुठे अडकवता ते बघा. अ‍ॅक्च्युएटरच्या डोक्यावरची आय बोल्ट फक्त अ‍ॅक्च्युएटर उचलण्यापुरती असते. तिच्यावर अख्खा व्हॉल्व्ह लटकवलेला मी पाहिला आहे. नशीब चांगलं होतं.

अ‍ॅक्च्युएटर वेगळा करणं

इथे सगळ्यात मोठी गफलत होते ती प्लगचा स्टेम वरच्या डब्याच्या दांड्याला जोडणारं कपलिंग काढताना. व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटणारा असेल तर हवा नसताना प्लग सीटवर दाबून बसलेला असतो. त्या अवस्थेत कपलिंगचे नट फिरवायला गेलं तर स्टेमही फिरतो, आणि प्लग सीटवर घासला जातो. एका मिनिटात जुळलेल्या सीटवर ओरखडा. म्हणून आधी रेग्युलेटरमधून हाताने थोडी हवा देऊन प्लग सीटवरून उचलायचा, मग कपलिंग सैल करायचं, आणि त्यानंतर हवा सोडायची. हवेने मिटणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये हवा नसताना प्लग वरच असतो, तिथे ही अडचण येत नाही. दोन्हींत नियम एकच: प्लग सीटवर असताना स्टेम फिरवायचा नाही.

कपलिंग काढण्याआधी स्टेमवर लॉक नट किती उंचीवर होता, ट्रॅव्हलची (स्टेम किती सरकला ते दाखवणारी) पट्टी कुठे होती, याचं माप घेऊन लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. बसवताना तासभर वाचतो.

आता डबा. आधी स्प्रिंग अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करायचा, म्हणजे शक्य तेवढा ताण उतरतो. मग केसिंगचे बोल्ट. काही बनावटींत बाकी बोल्ट आखूड आणि दोन किंवा अधिक बोल्ट मुद्दाम लांब दिलेले असतात. आखूड आधी काढायचे, लांब शेवटी, आणि तेही समोरासमोरचे, आळीपाळीने थोडे थोडे, म्हणजे स्प्रिंग हळूहळू मोकळी होते आणि लांब बोल्ट तिला धरून ठेवतात. हंगामाच्या घाईत कुणीतरी लांब बोल्ट हरवून त्याजागी आखूड घातलेले असतात. तसं दिसलं तर तिथेच थांबायचं, लांब थ्रेडेड रॉड आणून दोन बोल्टच्या जागी घालायचे आणि मगच पुढे जायचं. ज्या अ‍ॅक्च्युएटरची रचना माहीत नाही, ज्यावर मॅन्युअल नाही, तो गॅस कटरने किंवा हातोड्याने उघडायचा विचारही करू नये. बटरफ्लाय व्हॉल्व्हवरच्या रॅक-पिनियन अ‍ॅक्च्युएटरमध्ये स्प्रिंगा दोन्ही टोकांच्या झाकणांमागे असतात, तिथेही हेच. झाकणाच्या रेषेत तोंड ठेवून बोल्ट काढणारा फिटर दिसला तर आधी त्याला बाजूला ओढा, समजावणं नंतर.

डायफ्राम बाहेर आला की तो उजेडाकडे धरून वाकवून बघा. बॉयलर हाऊसच्या उष्णतेने नायट्राइल रबर कडक होतं आणि बोल्टच्या भोकांभोवती बारीक तडे धरतं. तडे दिसले तर बदलायचा, चिकटपट्टी लावायची नाही. बसवताना केसिंगचे बोल्ट समोरासमोर, समान आवळायचे. जास्त आवळले तर रबर कडेला चिरडून तिथूनच गळायला लागतं.

बॉडीच्या आत

बॉनेटचे नट आधी फक्त काही आटे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. बॉनेट हलवून गॅस्केटची पकड सुटू द्यायची. आत काही दाब उरला असेल तर तो या फटीतून सुटतो आणि बॉनेट अजून नटांनी धरलेलं असतं. यात पाच मिनिटं जातात. या कामात घाई करणारे बहुतेक जण स्वतःला अनुभवी समजणारे असतात.

बॉनेट सरळ वर उचला. तिरकं झालं की स्टेम वाकतो. केज बॉनेटला चिकटून वर येते आणि मध्येच सुटून खाली पडते, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवा. केजची दिशा, तिच्या खिडक्यांचा आकार खुणेने टिपून घ्या. खिडक्यांचा आकार म्हणजे त्या व्हॉल्व्हचा स्वभाव: किती उघडल्यावर किती फ्लो जाईल हे तोच ठरवतो. शेजारच्या व्हॉल्व्हची केज मापाला बसते म्हणून घातली, तर व्हॉल्व्ह चालेल, पण लूप पूर्वीसारखा वागणार नाही.

आता प्लग आणि सीट टेबलावर. हा मला सगळ्यात आवडणारा भाग, कारण धातूवर वर्षभराचा इतिहास कोरलेला असतो. सीटच्या कडेवरून आरपार गेलेल्या बारीक खोल रेघा म्हणजे व्हॉल्व्ह बराच काळ जेमतेम उघडा राहिला आणि तेवढ्या फटीतून स्टीम किंवा पाणी सुसाट गेलं. सीट बदलून हा आजार बरा होत नाही. व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा निवडला गेला आहे का ते बघावं लागतं. प्लगचा पृष्ठभाग खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचा, जळक्या खंगरासारखा झाला असेल तर ते कॅव्हिटेशन. व्हॉल्व्हच्या अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो, दाब इतका पडतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात, पुढे दाब परत वाढला की ते बुडबुडे फुटून मिटतात, आणि प्रत्येक मिटण्याचा फटका धातूला बसतो. बॉयलर फीड पंपाच्या रिसर्क्युलेशन व्हॉल्व्हवर हे हमखास दिसतं, कारण तिथे गरम पाणी मोठ्या दाबावरून एकदम डीएरेटरच्या (फीडच्या पाण्यातली हवा काढणाऱ्या टाकीच्या) दाबाला उतरतं. चालू असताना त्याचा आवाज पाइपमधून खडी वाहत असल्यासारखा येतो. याउलट धातू झिजला आहे पण तुळतुळीत, पॉलिश केल्यासारखा दिसतो, तर ते फ्लॅशिंग. तिथे वाफ झालेलं पाणी परत पाणी होतच नाही, कारण पुढचा दाबच कमी असतो, आणि पाणी-वाफेचं मिश्रण धातू घासत पुढे जातं. कॅव्हिटेशनवर दाब टप्प्याटप्प्याने उतरवणारी केज घालून इलाज होतो. फ्लॅशिंगला तो लागू पडत नाही. तिथे कठीण धातूचं ट्रिम (प्लग, सीट, केज) घालून झीज लांबवणं एवढंच हाती असतं. दोन्हींवर ‘सीट खराब’ असा एकच शेरा मारून नवी सीट मागवणं म्हणजे पुढच्या वर्षी तीच सीट परत मागवायची सोय.

हलके डाग असतील तर लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून प्लग सीटवर घासून जुळवणं. पेस्ट आधी जाड, मग बारीक, आणि प्लग बॉनेटच्या आधारानेच सरळ रेषेत फिरवायचा, हातात धरून नाही. निळी शाई लावून टेकवला की सगळीकडून अखंड, बारीक रेघ उमटायला हवी. बारीक, रुंद नव्हे. अनेक रचनांमध्ये प्लगचा आणि सीटचा कोन मुद्दाम थोडा वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे दोघं एका रेघेवर भेटतात आणि सगळा जोर त्या रेघेवर येतो. घासत राहिलं की ती रेघ पट्ट्यासारखी रुंद होते, जोर विभागला जातो आणि व्हॉल्व्ह आधीपेक्षा जास्त गळतो. जास्त लॅपिंग म्हणजे जास्त चांगलं, हा समज आपल्या वर्कशॉपांत अजून टिकून आहे. खोल रेघ असेल तर लॅपिंगने जात नाही, ती लेथवर मूळ कोन राखून काढावी लागते किंवा सुटा भाग बदलावा लागतो. टेफ्लॉनच्या मऊ सीटला तर पेस्ट लावूच नये.

स्टीम लाइनवरच्या बॉडीला तडा किंवा झीज दिसली तर गावातल्या वेल्डरकडे नेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. बॉयलरच्या दाबाखालचे हे भाग इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० च्या कक्षेत येतात, आणि दुरुस्तीसाठी मान्यताप्राप्त वेल्डर, ठरलेली पद्धत आणि तपासणी लागते.

ग्लँड

ग्लँडमधून एक थेंब दिसला की पान्हा घेऊन अर्धा आटा आवळायचा, उद्या अजून अर्धा, अशाने फेब्रुवारीपर्यंत स्टेम जाम. थेंब थांबतो आणि लूप बिघडतो, आणि दोन्हींचा संबंध कुणाला लागत नाही कारण थेंब मेकॅनिकल खात्याचा आणि लूप इन्स्ट्रुमेंट खात्याचा. जुनं पॅकिंग पूर्ण काढायचं, त्याच्यावर दोन नव्या कड्या चढवून भागवायचं नाही. स्टेमवर ओरखडे असतील तर नवं पॅकिंगही लवकर फाटतं, म्हणून स्टेम नखाने तपासायचा; नख अडलं तर स्टेम बदलायचा किंवा दुरुस्त करायचा. साधारण २३० अंशांपर्यंत टेफ्लॉनचं पॅकिंग चालतं आणि ते निसरडं असतं. सुपरहीटेड स्टीमला ग्राफाइट लागतं, ते तापमान सोसतं पण स्टेमला जास्त धरून ठेवतं. टेफ्लॉनच्या जागी ‘हे जास्त भारी’ म्हणून ग्राफाइट भरलं तर त्या अ‍ॅक्च्युएटरला ते घर्षण झेपेल का हा प्रश्न आधी विचारायचा. कड्यांचे काप एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, आणि ग्लँडचे दोन्ही नट समान आवळायचे. तिरका ग्लँड स्टेमला एका बाजूने घासतो.

परत बसवणं

बॉनेटचं स्पायरल गॅस्केट एकदा दबलं की झालं; जुनं परत वापरायचं नाही. बॉडी आणि बॉनेटच्या तोंडावर जुन्या गॅस्केटचा कण राहू द्यायचा नाही. नट आडवे-उभे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्ह्याने.

कपलिंग जोडताना एक बारीक पण महत्त्वाचं. स्प्रिंगने मिटणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये खाली येताना प्लग सीटवर आधी टेकायला हवा आणि अ‍ॅक्च्युएटरचा आतला स्टॉपर नंतर. स्टॉपर आधी लागला तर स्प्रिंगचा सगळा जोर स्टॉपरवर जातो, सीटवर काहीच येत नाही. बाहेरून ट्रॅव्हलची पट्टी छान शून्य दाखवते आणि व्हॉल्व्ह गळत राहतो. नवी सीट, नवा प्लग, सुंदर लॅपिंग करूनही गळणाऱ्या व्हॉल्व्हमागे हे कारण मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्यानंतर स्प्रिंगची बेंच सेट तपासायची. नेमप्लेटवर ०.२ ते १ लिहिलं असेल तर हाताने हवा देत ०.२ ला स्टेम हलायला लागतो का आणि १ ला पूर्ण स्ट्रोक होतो का ते बघायचं. पॅकिंग आवळायच्या आधी हे केलं तर घर्षणाचा घोळ मध्ये येत नाही. मग पोझिशनर जोडून ४, ८, १२, १६, २० मिलीअँपियर देत चढताना आणि उतरताना ट्रॅव्हल टिपायचा. चढतानाचे आणि उतरतानाचे आकडे दूर पडले तर पॅकिंग घट्ट आहे किंवा लिव्हरमध्ये ढिलाई आहे.

बटरफ्लाय व्हॉल्व्ह फ्लँजमधून काढताना आणि घालताना डिस्क बंद असायला हवी, नाहीतर तिची कड फ्लँजला लागून वाकते. हवा गेल्यावर उघडणारा असेल तर काढताना तो अचानक उघडू शकतो, बोटं सांभाळा. मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये लिमिट स्विच आणि टॉर्क स्विच आधी तपासायचे. तिथला बहुतेक त्रास विजेचा असतो.

पावसाळा आणि हवा

आपली दुरुस्ती जून ते सप्टेंबरात चालते, आणि नेमका तेव्हाच इन्स्ट्रुमेंट एअरचा कॉम्प्रेसर आणि ड्रायर बंद असतो. साताऱ्याच्या पश्चिमेकडे तर हवाच पाण्याने भिजलेली. रिकाम्या हेडरमध्ये ओल धरते, गंज सुटतो. हंगामाच्या आधी हवा सुरू केली की तो गंजाचा पहिला गाळ थेट पोझिशनरच्या सुईएवढ्या भोकात जातो, आणि दोन महिने खपून कॅलिब्रेट केलेले व्हॉल्व्ह पहिल्याच आठवड्यात अडतात. म्हणून पोझिशनरच्या नळ्या जोडण्याआधी हेडर आणि प्रत्येक फांदी मोकळी सोडून, स्वच्छ आणि कोरडी हवा येईपर्यंत फुंकून घ्यायची. इन्स्ट्रुमेंट एअरबाबत आयएसए या ऑटोमेशनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाण असं आहे की हवेचा दवबिंदू त्या जागेच्या सर्वांत कमी तापमानापेक्षा किमान १० अंश खाली हवा आणि कण ४० मायक्रॉनहून मोठे नकोत. ड्रायरवर पैसे वाचवणारे कारखाने तेच पैसे पोझिशनरच्या स्पेअरवर घालवतात, फक्त ते वेगळ्या खात्यात पडतात म्हणून दिसत नाहीत.

अ‍ॅक्च्युएटरच्या स्प्रिंगच्या बाजूला एक लहानसं वेंट असतं. बंद पडलेल्या महिन्यांत कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. हवा बाहेर जायची वाटच बुजली की डायफ्रामच्या मागे हवा कोंडून व्हॉल्व्ह सुस्त होतो किंवा अर्ध्यावरच थांबतो. वेंटला जाळी असावी आणि त्याचं तोंड खाली असावं, म्हणजे पावसाचं पाणीही आत जात नाही. सल्फिटेशनच्या (गंधकाच्या धुराने रस साफ करण्याच्या) बाजूला तांब्याच्या नळ्या गंधकाच्या धुराने काळ्या पडून सच्छिद्र होतात, तिथे स्टेनलेसच्या घालाव्यात. काढून ठेवलेले व्हॉल्व्ह स्टोअरमध्ये उघड्या तोंडाने ठेवू नका. फ्लँजना लाकडी किंवा प्लॅस्टिकची झाकणं, आणि पोझिशनरच्या केबल एंट्रीला बूच. सांगलीच्या बाजूला नदीकाठच्या कारखान्यांनी २०१९ चा पूर पाहिलेला आहे, त्यामुळे खालच्या रॅकवर अ‍ॅक्च्युएटर ठेवू नयेत हे तिथल्या स्टोअरकीपरला वेगळं सांगावं लागत नाही.

दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं की स्टीम हळूहळू चढवतात. या काही दिवसांत ग्लँडवर लक्ष हवं, कारण नवं ग्राफाइट गरम झाल्यावर बसतं आणि थोडं सैल पडतं. तेव्हा सांभाळून, दोन्ही नट सारखे, गळती थांबेल एवढंच आवळायचं आणि लगेच एकदा एक-एक टक्क्याची चाचणी करून स्टेम अजून मोकळा आहे ना ते पाहून वहीत टिपायचं.